आपला पाकवर्ग आणि कंपन्यांचे स्वयंसेवक

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाकवर्ग समितीच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक सभेत पाकवर्गाचा विषय निघाला म्हणजे सभागृहात किंचित चैतन्य येते, असा आमचा अनुभव आहे. हिशेबपत्रकाचे वाचन चालू असताना ज्यांचे डोळे मिटलेले असतात ते सावरून बसतात, आणि मागील रांगेतून एखादी भगिनी चकलीच्या भाजणीचे प्रमाणही विचारून घेते. आज मात्र भाजणीविषयी बोलण्याची मुभा आम्हांस नाही. कार्यकारी मंडळाने आमच्या समितीकडे एक पत्र विचारार्थ सोपविले होते. त्यावरील समितीचे मत सभेपुढे ठेवण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

पत्र आपल्या विभागातील एका मोठ्या कंपनीचे आहे. निर्णय होईपर्यंत तिचे नाव जाहीर करू नये असा संकेत मंडळाने पाळला आहे. तो आम्हीही पाळतो. आपल्या पाकवर्गास नव्या शेगड्या, भांडी, वजनकाटे आणि धान्य साठविण्याचे मोठे डबे देण्याची या कंपनीची तयारी आहे. शिवाय वर्षातून दोन वेळा आपल्या कचेरीतील चाळीस कर्मचारी एकेक दिवस स्वयंसेवक म्हणून पाठविण्याची इच्छा तिने प्रकट केली आहे. या साहाय्याच्या बदल्यात तिच्या दोन अपेक्षा आहेत. पहिली अशी की, पाकवर्ग केवळ आपल्या ज्ञातीपुरता न ठेवता तो सर्वांस खुला असावा. दुसरी अशी की, वर्गाच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या नावाचा फलक असावा आणि स्वयंसेवकांच्या भेटीच्या दिवशी एक छोटासा समारंभ व छायाचित्रण व्हावे.

हे पत्र मंडळापुढे आल्यापासून समितीकडे सभासदांची पुष्कळ पत्रे आली. बहुतेकांचा आक्षेप पहिल्या अपेक्षेस आहे. दुसरीविषयी कोणी फारसे लिहिलेच नाही. फलक लावावयास काय हरकत आहे, भिंत तर रिकामीच आहे, अशी सर्वसाधारण भावना दिसते. आमच्या समितीचे मत याच्या नेमके उलट आहे. पहिली अपेक्षा संस्थेने आनंदाने, किंबहुना कोणी सांगण्याची वाट न पाहता मान्य करावी, आणि दुसरी विनयपूर्वक नाकारावी, असे आम्हांस वाटते. या मताची कारणे सांगण्यासाठी थोडा वेळ आम्ही आपणांकडे मागत आहोत.

प्रथम कंपन्या आपल्यासारख्या संस्थांच्या दारी का येऊ लागल्या हे पाहू. २०१३ साली संमत झालेल्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातले. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम त्यांनी समाजोपयोगी कार्यावर खर्च करावयाची. आणि हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. कोणती कार्ये यात बसतात त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलेली आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण यांचे निवारण आणि उपजीविकेस उपयोगी पडणारे शिक्षण ही त्या यादीतील कामे आहेत. कंपनी जेथे कारभार करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही कायद्यात म्हटले आहे. आपला पाकवर्ग त्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून पत्र आपल्याकडे आले. यात आपला विशेष गौरव झाला असे समजून फुगण्याचे कारण नाही, आणि कोणी आपल्यावर उपकार करीत आहे असे मानून संकोचण्याचेही नाही.

पैशाची ही व्यवस्था झाली. मनुष्यबळाची गोष्ट वेगळी आहे. कर्मचाऱ्यांनी सेवाकार्यात दिलेल्या तासांची किंमत रुपयांत मांडून ती या दोन टक्क्यांच्या खर्चात धरता येणार नाही, असे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. त्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांना अशा कामात सहभागी करून घ्यावे असे उत्तेजनही दिले आहे. याचा अर्थ आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पैसा कायद्याच्या बंधनाने येतो, परंतु कर्मचाऱ्याचा वेळ त्या हिशेबात धरला जात नाही. तो वेळ कसा मागावा आणि कशासाठी मागावा, हे ठरविण्यास आपण मोकळे आहोत. तेव्हा तो समारंभात का घालवावा?

समारंभाचा दिवस कसा जातो हे वर्गातील मंडळींना ठाऊक आहे. इतरांच्या माहितीसाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीतून असेच तीस-पस्तीस स्वयंसेवक एका शनिवारी आले. सर्व तरुण, हसतमुख, एकाच रंगाचे सदरे घातलेले. त्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु आपल्या वर्गात शेगड्या सहा, विळ्या चार आणि शिकणारे अठरा. पाहुण्यांनी उत्साहाने सुऱ्या हाती घेतल्या आणि अर्ध्या तासात महिनाभर पुरेल इतका कांदा चिरून टाकला. त्या दिवशी वर्गाला पोळ्यांची कणीक मळण्यास शिकवावयाचे होते. कणीक पाहुण्यांनी मळली. ती सैल झाली, म्हणून आणखी पीठ घातले. ती घट्ट झाली, म्हणून आणखी पाणी घातले. अखेर परात भरून वाहू लागली. हे सर्व चालू असता ज्यांच्यासाठी वर्ग भरतो त्या स्त्रिया पदर सावरून भिंतीशी उभ्या होत्या. नंतर सर्वांचे छायाचित्र निघाले. त्यात विद्यार्थिनी पुढल्या रांगेत बसविल्या होत्या आणि त्यांच्या हातांत लाटणी दिली होती. पोळी मात्र त्या दिवशी त्यांच्यापैकी एकीनेही लाटली नाही. पाहुणे गेल्यावर भांडी घासावयास त्या स्त्रियाच राहिल्या.

त्या कर्मचाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ज्या पद्धतीने त्यांस आणले गेले तीत याहून निराळे घडणे कठीण होते. स्वयंपाक ही एका दिवसात दाखविण्याची वस्तू नव्हे. उकळी आलेल्या आमटीचा वास, फोडणीत मोहरी तडतडली की थांबावयाचे किती, तांदूळ जुना असेल तर पाणी किती वाढवावयाचे, या गोष्टी हाताला आणि नाकाला हळूहळू समजतात. चुकलेली पोळी पुढल्या आठवड्यात पुन्हा करावी लागते. शिकणाऱ्याची मागल्या वेळची पोळी ज्याने पाहिली आहे, तोच यावेळी त्यास उपयोगी सूचना देऊ शकतो.

परदेशातही हा अनुभव असाच दिसतो. अमेरिकेत ‘शेअर अवर स्ट्रेंग्थ’ या संस्थेने १९९३ साली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी पाकवर्ग सुरू केले. प्रारंभी त्यांचे नाव ‘ऑपरेशन फ्रंटलाइन’ होते, पुढे ते ‘कुकिंग मॅटर्स’ झाले. मोठमोठ्या खाद्यपदार्थ कंपन्यांनी व दुकानदारांनी त्यास द्रव्यसाहाय्य दिले आणि हॉटेलांतील स्वयंपाक्यांनी स्वयंसेवक म्हणून शिकविले. पण वर्गाची बांधणी सहा आठवड्यांची, दर आठवड्यास दोन तासांची अशी होती. एका दिवसाची नव्हती. तेथील दोन रीती आम्हांस विशेष आवडल्या. त्या दिवशी जो पदार्थ शिकविला त्याची सामग्री पिशवीत घालून शिकणाऱ्यास घरी दिली जाई, म्हणजे त्याच आठवड्यात तो पदार्थ घरच्या चुलीवर व्हावा. दुसरी अशी की वर्गास बाजारात नेऊन दहा डॉलरांत चार माणसांचे पौष्टिक जेवण बसवून दाखवा, असा प्रत्यक्ष धडा दिला जाई. ऑस्ट्रेलियात इप्सविच या गावी २०११ साली प्रसिद्ध बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांच्या नावाने निघालेला वर्गही दहा आठवड्यांचा होता. तेथील विद्यापीठांनी त्याची पाहणी केली, तेव्हा शिकणाऱ्यांचा स्वयंपाकाविषयीचा आत्मविश्वास वर्ग संपून सहा महिने लोटल्यावरही टिकून असल्याचे दिसले.

तेव्हा स्वयंसेवक नकोत असे आमचे म्हणणे नाही. कसे हवेत ते सांगावयाचे आहे. यालाही आपल्याच वर्गातील अनुभवाचा आधार आहे. गतवर्षी जवळच्या एका कचेरीतील चौघेजण, कंपनीच्या पत्राशिवाय, केवळ ओळखीने, आठही शनिवार आले. पहिल्या दिवशी त्यांस आमच्या पाकशिक्षिका बाईंनी कोथिंबीर निवडावयास बसविले आणि वर्ग संपल्यावर भांडी घासावयास लावले. दुसऱ्या शनिवारी ते पुन्हा आले, तेव्हा बाईंनी आम्हांस हळूच सांगितले, “हे टिकतील.”

या चौघांपैकी एक तरुण हिशेबतपासनीस आहे. वर्गातील एक भगिनी आसपासच्या कचेऱ्यांत जेवणाचे डबे पुरविते. डब्याची किंमत तिने शेजारणीच्या डब्याकडे पाहून ठरविली होती. दिवसभर राबूनही हाती काही उरत नाही याचे कारण तिला उमगत नव्हते. या तरुणाने तीन शनिवार तिच्याबरोबर बसून प्रत्येक जिन्नस तोलला. कांदा सोलण्यापूर्वी किती आणि सोलल्यानंतर किती, एका भाजीस तेल किती पळ्या, कुकर किती मिनिटे, गॅस किती दिवस पुरतो, डबा परत आणावयास रिक्षा किती वेळा, हे सर्व एका वहीत उतरले. तिने कोथिंबीर, लिंबू, मीठ, गॅस आणि स्वतःचे श्रम किमतीत धरलेच नव्हते, असे त्यातून निघाले. दुसऱ्या एका स्वयंसेविकेने तिला खाद्यपदार्थ विक्रीच्या सरकारी नोंदणीचा अर्ज भरून दिला. कंपनीत काम करणाऱ्या माणसाकडून आपल्या पाकवर्गास जे मिळावयाचे ते हे आहे. पुरणपोळी कशी करावी हे तो आपल्या बाईंना काय सांगणार? परंतु पुरणपोळी विकावयाची असेल तर तिची किंमत कशी काढावी, पाकिटावरील छापील मजकुरात मीठ व साखर कोठे लपलेली असते, बँकेचा अर्ज कसा लिहावा, हे तो उत्तम सांगू शकतो.

स्त्रियांच्या हातच्या अन्नास बाजारात किंमत आहे आणि ती किंमत त्यांच्या पदरी पडण्यास हिशेब व भांडवल लागते, ही जाणीव मुंबईस नवी नाही. गिरणगावातील खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे कामगारांस जेवू घालीत होत्या आणि सावकाराचे व्याज भरीत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांस संघटित केले व बँकांच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. त्या बायकांस स्वयंपाक कोणी शिकवावा लागला नाही.

आता पहिल्या अपेक्षेकडे वळू. वर्ग सर्वांस खुला करण्यास विरोध करणाऱ्या पत्रांत दोन प्रकारचे युक्तिवाद आहेत. पहिला असा की, पाकवर्गाचा निधी आपल्या पूर्वजांनी ज्ञातीच्या कल्याणार्थ ठेवला, त्याचा लाभ बाहेरच्यांस का द्यावा? याचे उत्तर आपले खजिनदार अधिक अधिकाराने देतील. एवढेच नमूद करतो की, देणगीदारास करसवलत मिळवून देणारे ८०-जी चे कलम १९६१ च्या आयकर कायद्याने एखाद्याच धर्मसमाजाच्या वा जातीच्या हितासाठी चालणाऱ्या संस्थेस खुले ठेवले नाही. तेव्हा कंपनीचा निधी घ्यावयाचा आणि वर्ग मात्र ज्ञातीपुरता ठेवावयाचा, हे एकदम साधणे शक्य नाही. निधीची मूळ ठेव आहे तशीच राहील. तिच्या व्याजातून ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांस मिळणारी शुल्कमाफीही चालू राहील. कंपनीच्या पैशाचे खाते स्वतंत्र असेल.

दुसरा युक्तिवाद जरा नाजूक आहे. आपल्या घरांतील पाककृती, आपला मसाला, सणावारांचे आपले पदार्थ हे आपले वैशिष्ट्य आहे. ते सर्वांपुढे उघडे केले तर आपले असे काय राहील, असे काही ज्येष्ठ भगिनींनी कळकळीने लिहिले आहे. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु महाराष्ट्रातील पाकविद्येचा इतिहास काही निराळे सांगतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या पाठारे प्रभू ज्ञातीच्या. आपल्या घरचे पदार्थ त्यांनी मराठी वाचणाऱ्या कोणत्याही गृहिणीच्या हाती दिले. त्यामुळे त्या ज्ञातीचे पदार्थ लोपले नाहीत. उलट अनेक पदार्थ आज लेखी पुराव्यासह सापडतात. पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याच्या साध्या प्रमाणामुळे ती किती घरांत शिरली, हे या सभागृहातील कोणाही नववधूच्या सासूस विचारावे. आपल्याकडे मात्र आजीच्या हाताची सर म्हणून ज्याचे गुणगान होते तो पदार्थ आजीबरोबरच जातो, असे किती घरांत झाले?

शिवाय आपले म्हणजे तरी काय? एकादशीस आपण जो फराळ करतो त्यात बटाटा, भुईमूग, साबुदाणा आणि मिरची असते. ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. कोलंबसाच्या सफरीपूर्वी आपल्या देशात यांपैकी एकही पीक नव्हते. तरीही उपवासास हेच पदार्थ चालतात आणि ते परके आहेत असे कोणासही वाटत नाही. जिन्नस समुद्र ओलांडून येऊन सोवळ्यात बसले; मग शेजारच्या चाळीतील बाईने आपल्या वर्गाचा उंबरठा ओलांडला तर काय बिघडणार आहे?

सोवळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर तेही बोलून टाकतो. एका पत्रात, कोण कोणत्या घरून येणार, कोणाचे हात कसे असणार, असा प्रश्न विचारला आहे. लेखकाचे नाव सांगत नाही. या महाराष्ट्रात अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणून किती दशके लोटली; त्यानंतर आज हा प्रश्न ऐकावा लागतो याचे आम्हांस दुःख होते. हातांविषयी आमच्या समितीचा नियम एकच आहे. तो वर्गाच्या दाराशी लिहून लावला आहे आणि ज्ञातीतल्यांस व परक्यांस सारखाच लागू आहे. येताच साबणाने मनगटापर्यंत हात धुवावे, नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्या, केस बांधावे. ज्यास जुलाब, ताप किंवा हातावर जखम असेल त्याने त्या दिवशी अन्नास हात लावू नये. मासळी चिरण्याची फळी निराळी असावी. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेच बाहेर ठेवू नये. या नियमांचे पालन करण्यात आमच्या अनुभवास सर्वांत कच्चे कोण ठरले, ते आम्ही सांगत नाही. काहीजण आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

वर्ग खुला करण्याची खरी निकड मात्र अन्यत्र आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. महाराष्ट्रातील प्रमाण ५४ टक्के होते. निम्म्याहून अधिक! हा रोग ज्ञात पाहून येत नाही. आपल्या ज्ञातीतील सुस्थितीतील घरांतही फिकट चेहऱ्याच्या मुली आहेत आणि शेजारच्या चाळीतही आहेत. यावर औषध डॉक्टरांनी द्यावयाचे आहे. स्वयंपाकघराकडून होण्यासारखे थोडे आहे, पण ते खर्चाचे नाही. भाजी लोखंडाच्या कढईत करावी. पालेभाजीवर व डाळीवर लिंबू पिळावे, कारण आंबटातील क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवण होताच चहा पिऊ नये, कारण तो तेच लोह अडवितो. मोड आलेली कडधान्ये, नाचणी, बाजरी, अळीव हे सर्व आपल्या आज्यांच्या फडताळात होतेच. मिठाचे प्रमाण दिवसास माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात लोणचे, पापड, फरसाण सर्व आले. आपल्या पापडप्रिय ज्ञातीने याचा विचार स्वतंत्र बैठकीत करावा.

येथे पुरुषवर्गाशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. त्यात घरातील बिनमोल कामांत दिवसाकाठी काही ना काही भाग घेणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ आणि पुरुष शेकडा २६ निघाले. २०२४ च्या पाहणीत अशा कामांत भाग घेणाऱ्या स्त्रीचा दिवसास सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषाचा ८८ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. कचेरीतून आलेल्या चौघांत तिघे तरुण होते. त्यांतील एकाने तिसऱ्या शनिवारी कबूल केले की, इतकी वर्षे घरी राहून आपण आईला कधी कुकरही लावून दिला नाही. आठव्या शनिवारी त्याने वरण-भात, भाजी व कोशिंबीर एकट्याने केली. असे स्वयंसेवक यावेत असे आम्हांस वाटते, कारण वर्गास त्यांचा उपयोग होतो आणि त्यांच्या घरांसही. आपल्या ज्ञातीतील जे चिरंजीव उच्च शिक्षणार्थ परदेशी जाण्यापूर्वी पंधरा दिवस धावत वर्गास येतात, त्यांच्या मातापित्यांनी त्यांस दहाव्या वर्षापासूनच पाठवावे, अशीही सूचना आम्ही करून ठेवतो. आणि ज्या ज्येष्ठ बंधूंच्या सहधर्मचारिणी दिवंगत झाल्या, त्यांच्यापैकी तिघे यंदा वर्गास आले होते. त्यांचे शिकणे पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आले, एवढेच सांगतो.

फलकाविषयी थोडक्यात. देणगीदाराचे नाव संस्थेच्या अहवालात देणगीदारांच्या यादीत छापले जाते. एका वेळच्या शिध्याची रक्कम देणाऱ्या विधवा भगिनीचे नावही तेथे त्याच टाइपात असते. कंपनीचे नावही तेथेच, त्याच टाइपात छापावे. वर्गाच्या भिंतीवर फलक लागला की वर्ग त्या नावाने ओळखला जाईल. शिकावयास येणारी बाई ही शिकणारी न राहता कोणाच्या तरी दानाची पात्र म्हणून पाहिली जाईल. छायाचित्रे तर तिच्या संमतीवाचून मुळीच काढू नयेत. शेजारच्या चाळीत राहून मानाने डबे देणाऱ्या स्त्रीला आपले छायाचित्र एखाद्या कंपनीच्या पुस्तिकेत गरजू महिला या मथळ्याखाली पाहावे लागणे, हे तिला कसे वाटेल याचा विचार कोणी केला आहे काय? त्या रिकाम्या भिंतीवर आम्हांस एक मोठा काळा फळा हवा आहे. त्यावर त्या दिवसाची पाककृती आणि तिचा खर्च लिहिता येईल.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, ती आम्ही घालू इच्छितो. आपल्या पाकशिक्षिका बाई गेली कित्येक वर्षे नाममात्र मानधनावर शिकवितात. कंपनीचे कर्मचारी शनिवारी विनामोबदला येतात याचे आपण कौतुक करतो. पण त्यांस त्यांच्या कचेरीत वेतन मिळते. बाईंना कोणती कचेरी आहे? कंपनीच्या निधीतील पहिला खर्च बाईंच्या योग्य मानधनाचा असावा, भांड्यांचा त्यानंतर. स्वयंसेवक बाईंच्या हाताखाली काम करतील, बाई स्वयंसेवकांच्या सोयीने नव्हे.

तेव्हा समितीच्या शिफारशी अशा. कंपनीचे साहाय्य स्वीकारावे. येत्या सत्रापासून पाकवर्ग कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या स्त्रीपुरुषांस खुला करावा. चाळीस जणांच्या एकदिवसीय भेटीऐवजी कंपनीने एका सत्रास सहा कर्मचारी द्यावेत, आणि त्यांनी आठही शनिवार येण्याचे आधी मान्य करावे. तीन शनिवार चुकविणाऱ्याच्या जागी दुसरा यावा. पहिले दोन शनिवार त्यांनी निवडणे, धुणे, तोलणे व घासणे हीच कामे करावीत. पुढील कामे बाई ठरवितील. प्रत्येक शनिवारी शिकणाऱ्यास त्या दिवसाच्या पदार्थाचा शिधा घरी न्यावयास द्यावा, आणि फलक व समारंभ यांवर जी रक्कम कंपनीने राखून ठेवली असेल तीतून तो पुरवावा. कंपनीस या अटी मान्य नसतील तर तिचे आभार मानावे आणि जुन्या सहा शेगड्यांवर वर्ग चालू ठेवावा. त्यांपैकी चार अद्याप उत्तम पेटतात.

ठरावाचा मसुदा सभासदांस वाटला आहे. अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने त्यावरील चर्चा भोजनोत्तर बैठकीत घ्यावयाची आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो अवश्य आणि सविस्तर मांडावा. आजचे भोजन वर्गातील विद्यार्थ्यांनी केले आहे. त्यांतील पाचजण आपल्या ज्ञातीचे नाहीत. ते बाईंच्या परवानगीने गेली दोन सत्रे येत आहेत, आणि मठ्ठा व मसालेभात त्यांच्या हातचा आहे. मीठ कमी वाटल्यास ते पंगतीत वाढले जाईल. मात्र चमचा सपाट असेल.